तिसरा लॉट

राहीनं दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले आणि मीटरच्या काट्याकडे न बघता सतीशच्या तोंडाकडे बघत राहिली.

काचेच्या भांड्यातलं ते पाणी कारखान्यातलं सगळ्यात स्वच्छ पाणी होतं. सगळे क्षार काढून टाकलेलं, इतकं निव्वळ की चुकून घोट घेतला तर पाणी प्यायल्यासारखंच वाटायचं नाही. भांड्यात मीटरची कांडी सोडली होती. शून्याला टेकलेला काटा थरथरला आणि अर्ध्या तबकडीपर्यंत चढला.

"बघ," सतीश म्हणाला.

"काय बघू?"

"मीठ आहे तुझ्या हाताला. घामाचं."

"घाम कुनाला नाय येत सायेब? तुमचे बुडवा की."

शेजारी शालन उभी होती. कारखाना सुरू झाल्या दिवसापासूनची सुपरवायझर. ती एकदम छताकडे बघायला लागली. सतीशनं आपले हात बुडवले नाहीत. कुणाचेही बुडवले तरी काटा चढणारच होता, आणि हे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. विजेचा इंजिनिअर, त्यात बावीस वर्षं सिलिकॉनमध्ये काढलेली. पण मालाचे दोन लॉट वाया गेले होते, आणि त्याला कुणाचा तरी हात सापडायला हवा होता.

"दोन्ही लॉट भट्टीत तूच भरलेस."

"समदे लॉट मीच भरते. चार वर्सं झाली."

"हातमोजे काढून हात लावलास?"

"नाय."

"एकदासुद्धा?"

"नाय बोलले ना."

"तुझ्या नणंदेचं लग्न झालं मागच्या महिन्यात. हळदीचे हात घेऊन आली असशील."

"लग्नाला चार दिस रजा टाकलेली. मग आनखी तीन दिस तुमीच घरी बसवलंत, हळद उतरेपरेंत." राहीनं हात बाहेर काढले. ते पुसायला कुणी फडकं दिलं नाही, म्हणून तिनं तसेच हवेत धरले. "इसरलात?"

विसरला नव्हता. उलट ते आठवल्यामुळे त्याचा आवाज जास्तच चढला.

"उद्यापासून येऊ नकोस. कळवतो मी."

राहीनं डोक्यावरची पांढरी टोपी काढली, कोट काढला, दोन्हींची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. दाराशी थांबून शालनच्या कानात काहीतरी बोलली. मग मागं न वळता म्हणाली, "हात चांगले हायेत माझे," आणि गेली.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतली, सोमवार दहा तारखेची. मुरबाडच्या एमआयडीसीत, एका बाजूला पत्र्याचे डबे करणारा आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या करणारा कारखाना, आणि मधे हा सतीशचा. आत सिलिकॉनच्या चकत्यांपासून मोठे डायोड व्हायचे, मुठीएवढे, रेल्वेच्या इंजिनात बसणारे. डायोडचं काम सांगायला सोपं असतं. वीज एका बाजूनं जाऊ द्यायची आणि उलटी आली की अडवायची. उलट्या बाजूनं झिरपायला लागली की तो डायोड गेला, मग तो पेपरवेट म्हणूनच वापरायचा. पहिल्या लॉटमधले निम्मे झिरपले होते. दुसऱ्या लॉटमधले झाडून सगळे.

इंजिनवाल्यांची अट साधी आणि निर्दय होती. संधी तीन. चोवीस तारखेला त्यांचे दोन अधिकारी येणार, तिसरा लॉट स्वतः तापवून तपासणार. तो गेला तर यादीतून नाव कायमचं खोडलं जाणार. आणि ती यादी सोडली तर मुठीएवढे डायोड घेणारं या देशात दुसरं होतंच कोण? भट्टी विझवायची, एकतीस बायकांना घरी पाठवायचं आणि आपण सेहेचाळिसाव्या वर्षी पेपरात 'पाहिजेत'च्या जाहिराती बघायच्या, एवढंच उरणार होतं.

सतीश खर्डीचा. बाप पांडू रेल्वेत गँगमन, खांद्यावर हातोडा घेऊन रूळ ठोकत हिंडणारा. पोरगा शहापूरच्या शाळेत पहिला आला, शिष्यवृत्तीवर मुंबईला इंजिनिअर झाला, आणि ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीत लागला. तिथल्या सेमीकंडक्टर विभागात तेरा वर्षं काढली. मग देशाची दारं उघडली, बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला, आणि एका गुरुवारी दुपारी कंपनीनं तो विभागच बंद केला. बरोबरचे कुणी दुबईला गेले, कुणी कॉम्प्युटरकडे वळले. हा बहाद्दर काय करतो, तर भंगाराच्या लिलावात निघालेली जुनी भट्टी उचलतो आणि दोन टेम्पोंत घालून मुरबाडला आणतो! ज्याला त्याला वाटलं, याचं डोकं फिरलं. वाटलं नाही ते एकट्या पांडूअप्पांना. "सोडव रे ती भट्टी," एवढंच ते म्हणाले होते, "नायतर कोनतरी पत्रा म्हनून विकंल."

आता अप्पा सत्तर वर्षांचे होते. बायको चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मुरबाडला लेकाकडेच. पण गँगमनची सवय कुठे सुटते? पहाटे चारला उठायचे, पाचला सायकलवरून कारखान्यात. चाव्या त्यांच्याकडेच असत. कुलपं उघडायची, आवार झाडायचं, आणि दुपारच्या सुट्टीत बायका डबे सोडून बसल्या की त्यांची शाळा घ्यायची. गळ्यातले दोरे, अंगातली वारं, अमावस्येला न निघणं, काही म्हणून सोडायचे नाहीत. छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून या माणसानं स्वतः भातसा नदीत सोडले होते, तेवीस वर्षांचा असताना. गेल्या दसऱ्याला राहीनं हळूच भट्टीच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधली, तर अप्पांनी ती सगळ्यांदेखत तोडली आणि तिच्याच हातात दिली. "लोणचं घाल याचं," म्हणाले. बायका आठ दिवस हसत होत्या. राही हसली नव्हती.

मंगळवारी सकाळी शालन केबिनच्या दारात घुटमळली.

"साहेब, एक बोलू? राही जाताना बोलली मला. भट्टीचं तोंड बघा बोलली. तेवढं बघा, मगच लॉट भरा."

"म्हणजे काय?"

"म्हंजे काय ते नाय बोलली. तोंड बघा, बास."

सतीशला आधी संताप आला. आता ही मला शिकवणार? पण तो उठला. डोक्याला टोपी, पायांत पिशव्या, हातांत मोजे, सगळं चढवून भट्टीच्या खोलीत गेला.

भट्टी म्हणजे आडवी निजवलेली क्वार्ट्‌झची लांब नळी. बाहेरून तापणाऱ्या तारा, आत बाराशे अंशांपर्यंत धग. चकत्या काचेच्या होडीत उभ्या मांडायच्या आणि ती होडी सळईनं आत सारायची, इतकी हळू की बघणाऱ्याला वाटावं ती हलतच नाही. हे काम राहीसारखं कुणाला जमत नसे. सतीशनं नळीच्या तोंडाचं काचेचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला.

नळी पारदर्शक असायला हवी होती. तोंडापासून हातभर आत ती पांढरी पडली होती, कुणी आतून चुना फासावा तशी. क्वार्ट्‌झ असं एकाच गोष्टीनं मरतं, हे त्याला पाठ होतं. मिठानं. आणि हे काही घामाच्या एखाद्या बोटाचं मीठ नव्हतं. भट्टीत कुणीतरी मीठच टाकलं होतं.

मुद्दाम केलं कुणी? कुणाचं काय वाकडं केलं मी? त्यानं टॉर्च खाली फिरवला. भट्टीच्या कडेला पत्र्याची अरुंद पट्टी होती. तिच्या सांध्यात एक काळा दाणा अडकला होता. सतीशनं तो चिमट्यानं उचलून तळहातावर घेतला. मोहरीचा होता.

त्या दिवशी तो कुणाशी धड बोलला नाही. एकतीस जणींचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणले आणि एकेकीवर संशय घेऊन पाहिला. स्वतःचीच किळस आली, पण थांबता येईना. संध्याकाळी घरी अप्पांनी विचारलं, "जेवत का नाय?" तर म्हणाला, "डोकं दुखतंय."

बुधवारी पहाटे साडेपाचला त्यानं स्कूटर बादल्यांच्या कारखान्यापाशीच बंद केली आणि चालत आला. फाटक उघडं होतं. अप्पांची सायकल भिंतीला टेकलेली. आवार अजून झाडलेलं नव्हतं, आणि भट्टीच्या खोलीतला दिवा मात्र लागला होता.

सतीशनं काचेतून पाहिलं.

अप्पा अनवाणी उभे होते. डोक्याला स्वच्छ धुतलेला पंचा बांधला होता, बायका टोपी घालतात तसा कान झाकून. नळीचं झाकण काढून त्यांनी पांढऱ्या फडक्यावर ठेवलं होतं, अगदी राही ठेवते त्याच जागी. नळीतला लाल उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. उजव्या हाताची मूठ मिटलेली, आणि ती मूठ ते नळीच्या तोंडापुढे वरून खाली, खालून वर ओवाळत होते. ओठ हलत होते. सतीशनं दार सारलं तसं ऐकू आलं.

"बुद्धं सरणं गच्छामि... धम्मं सरणं गच्छामि..."

त्याला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि लगेच त्याची नजर बाजूला गेली. भट्टीशेजारच्या टेबलावर काचेची होडी होती. होडीत तिसऱ्या लॉटच्या साठ चकत्या उभ्या होत्या. शेवटच्या साठ. परदेशातून आणखी मागवायच्या तर दीड महिना. त्यांच्यावरचं झाकणही अप्पांनी काढून ठेवलं होतं. भट्टी झाली की मूठ तिकडे वळणार होती. वळलीसुद्धा. चकत्या आणि मूठ यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

ओरडावं तर म्हातारा दचकणार, आणि मूठ सुटणार.

"अप्पा," तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला.

हात हवेतच थांबला. अप्पांनी मान वळवली. त्या चेहऱ्यावर जे होतं ते सतीशनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. चोरी करताना सापडलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

"तू कवा आलास?"

"आत्ताच."

"ह्ये आपलं... असंच रे..."

"अप्पा, भट्टीची नका काढू." सतीशचे डोळे त्या मुठीवर होते. "माझी काढा."

"आं?"

"दृष्ट. भट्टीला कशी लागेल? लागली असेल तर मला लागली असेल. या इकडे. मूठ तशीच मिटून या."

त्यानं दाराबाहेर स्टूल ओढलं, भट्टीपासून दहा पावलं लांब, आणि त्यावर बसला. मधल्या त्या दहा पावलांत त्यानं श्वास घेतला नाही. अप्पा आले. बापाची मूठ डोक्यापाशी आली तेव्हा कुठे त्यानं तिच्यावरची नजर काढली.

"उगवतीकडं तोंड कर," अप्पा म्हणाले. "तुझी आय तसंच बसवायची."

तो वळून बसला. आई बसवायची खरी. दहावीच्या पेपराच्या सकाळी, इंजिनिअरिंगच्या दर परीक्षेला, ठाण्याच्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना. मागच्या दारी, घाईघाईनं, अप्पा घरात नसताना.

"तुम्ही तिला किती शिव्या घालायचात यावरून."

"घालायचो. नाय बोलत नाय." मूठ डोक्यावरून पायांपर्यंत उतरली. "पन तुझा पेपर असला का मी आपसूक भायेर जाऊन बसायचो. म्हंजे ती मोकळी. ती गेली. मग आता कोन काढनार? मला तिच्यासारखं बोलता येत नाय. मला येतं ते बोललो."

सतीशला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दोन्ही गिळून तो बसून राहिला. मग अप्पांना घेऊन आवारातल्या चहाच्या चुलीपाशी गेला, दोन काटक्या सारून जाळ केला. अप्पांनी मूठ उघडली. मीठ आणि मोहरी जाळात पडली आणि तडतड तडतड उडाली.

"बघ," अप्पा म्हणाले, "किती होती!" त्यांचं तोंड उजळलं होतं. सतीशनं त्यांच्या हातावर तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक तांब्या. काय झालं, कशानं झालं, एक शब्द बोलला नाही. सात वाजता शालनला एवढंच सांगितलं, "भट्टी थंड करा. नळी बदलायचीय." नवी नळी एकच होती, आठ वर्षं पेंढ्यात गुंडाळून ठेवलेली.

दुपारी तो टोकावड्याला, राहीच्या गावी, गेला. राही घरामागच्या शेतात वालाच्या शेंगा काढत होती. सासूनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि सुनेला हाक मारली. राही आली ती पदरात शेंगा घेऊनच. बसली नाही.

"भट्टीचं तोंड बघितलंत?"

"बघितलं."

"अप्पांना काय बोललात नाय ना?"

सतीशनं पेला खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"पयल्या लॉटच्या दिवशी मी टेम्पोनं नाय आले, येश्टीनं आले. लवकर पोचले. काचेतून बघितलं, ओवाळत व्हते. मला वाटलं, ओवाळून भायेर टाकत असतील. भट्टीत टाकतात ते काय म्हायत? तुमी परवा मीठ-मीठ बोललात तेवा डोक्यात पेटलं."

"मग तिथंच सांगायचंस की!"

"तुमी इचारलंत?" आता मात्र तिचा आवाज चढला. "तुमी हात बुडव बोललात. मी बुडवले. तोंडानं काय इचारलं असतंत तर बोलले असते का नसते, ते मला बी म्हायत नाय. माझं लिंबू त्यांनी सगळ्यांसमोर तोडलं. आता त्येंचं मीठ मी सगळ्यांसमोर काढू? या वयाला मानूस तोंड कुठं लपवंल?"

वालाच्या शेंगा तिच्या पदरातून एकेक करून सुपात पडत होत्या.

"चुकलो मी," तो शेवटी म्हणाला. "शनिवारी लॉट भरायचा आहे. तुझ्याशिवाय भरणार नाही."

"येते. पन ज्यांच्यासमोर हात बुडवायला लावलेत त्येंच्यासमोर बोला, राहीचे हात चांगले व्हते. शालननं बघितलं, तिनं बाकीच्यांना सांगितलं. तर सगळ्यांसमोर बोला." ती सूप उचलून निघाली, आणि थांबली. "अप्पांचं नाव नको."

तिसरा लॉट पास झाला, हे इथंच सांगून टाकतो. चोवीस तारखेला दोन अधिकारी आले, दीडशे अंशांवर डायोड तापवले, एकही झिरपला नाही, आणि मीटरमध्येच काही बिघाड नाही ना म्हणून त्यांनी पुन्हा तापवले. कारखाना राहिला. पण मला सांगायचंय ते लॉट भरला त्या शनिवारचं.

पंधरा तारखेची सकाळ. टोप्या-कोट घातलेल्या एकतीस बायका कपडे बदलायच्या खोलीत दाटीनं उभ्या होत्या. राही सगळ्यात मागं. सतीशनं रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती ऐनवेळी कुठे गेली कुणास ठाऊक.

"दोन लॉट गेले ते राहीमुळे नाही," तो म्हणाला. "राहीचे हात स्वच्छ होते. मी तिच्यावर आळ घेतला. ती चूक माझी. आणि..." त्यानं मागं उभ्या राहीकडे पाहिलं. "आणि भट्टीत मीठ गेलं, तेही माझ्याच हातून."

"तुमच्या?" शालनच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या. डबा खाल्ला आणि हात न धुता आत गेलो."

विश्वास एकीचाही बसला नाही. बाईला हातांची हळद उतरेपर्यंत घरी बसवणारा माणूस, सुकटीच्या वासावरून बाईला दारातून परत पाठवणारा माणूस, तो हात न धुता भट्टीला जाईल? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. राहीनं मान खाली घातली.

"मुसावादा," दारातून आवाज आला.

अप्पा खराटा घेऊन उभे होते. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. सतीश पाच वर्षांचा असताना त्यांनीच त्याला ते रोज संध्याकाळी म्हणायला लावलं होतं.

"अप्पा, तुम्ही बाहेर—"

"गप रे. खोटं बोलतोस आनि ते बी माझ्यासाठी." त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "जुनी नळी काढली तेवा मी शालनला इचारलं, ही काच पांढरी कशानं झाली गो? ती बोलली, मिठानं मरते. मला काय सांगावं लागतं का मग?" ते आत आले, सगळ्यांच्या मधोमध. "बायानो, मीठ मी टाकलं. दृष्ट काढली भट्टीची. लपून. पयल्यांदा चिमूटभर घेतलं. लॉट गेला. मला वाटलं, कमी पडलं. म्हनून मग मूठ घेतली."

मागं कुणाला तरी हसू फुटलं, आणि ते लगेच तोंडात दाबलं गेलं. शालननं वळून डोळे वटारले. अप्पांनी ते ऐकलं होतं. ते हलले नाहीत.

"हसा की. मी नाय तुमाला हसलो? राही कुठं हाय?"

बायका बाजूला झाल्या. राही तशीच खाली बघत होती.

"तुझं लिंबू मी फेकलं. आनि तुझ्या पोटावर पाय आला तो माझ्या मिठानं. तू बघितलं व्हतंस, तरी बोलली नायस. सतीशनं मला सांगितलं नाय. तुझ्या सासूनं सांगितलं, काल मी टोकावड्याला जाऊन आलो तेवा." ते एक पाऊल तिच्याजवळ सरकले. "काय बोलू तुला? मला कळत नाय."

सतीशला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्या दोघांना आत घ्यावं. दसऱ्याचं लिंबू अजून या बायकांच्या तोंडी होतं. आता पुढची दहा वर्षं हेही राहणार होतं.

राहीनं मान वर केली.

"ते जाऊ द्या अप्पा," ती म्हणाली. "काढलीत तर काढलीत. पन लागलेली कुनाची? ते समजलं का?"

चेष्टा होती की काय, ते कुणालाच कळलं नाही. अप्पांना ती चेष्टा वाटली नाही. ते विचारात पडले, खरंच कुणीतरी विचारायला हवं होतं ते आज विचारल्यासारखे.

"माझीच गो," ते म्हणाले. "दुसरं कोन येवढं बघत बसलंय ह्या पोराकडं?"

कुणी हसलं नाही. राहीनं हातमोजे चढवले आणि लॉट भरायला आत गेली.